दोन्ही काटे शून्यावर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, नाही. आणि जिच्याबद्दल हे आहे त्या रेवतीला — माझ्या मुलीला — तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर हे सांगायला जीभ रेटत नाही. एक-दोनदा प्रयत्न केला. सुरुवात केली आणि हवापाण्यावर घसरलो.

आताही मी आधी गाडीबद्दलच बोलणार, हे मला ठाऊक आहे. सुनंदा म्हणते, यांना नाव विचारलं तर हे गाडीचा नंबर सांगतात. पण या गोष्टीत गाडी टाळता येत नाही. जे झालं ते तिच्याच बाजूला उभं राहून झालं, आमच्या सातपूरच्या घराच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली, भर सकाळी.

गाडी जपानी, जुनी. नाशिक रोडला जहाजावरून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत, त्यांनी ती हौसेनं आणली होती. त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा ती माझ्याकडे आली. घरी आणली त्या दिवशी सुनंदाने तिला हळदकुंकू लावलं आणि मला म्हणाली, सवत आहे, तरी पाय धुवून घरात घेते. रेवती तेव्हा टाकीवर बसवण्याएवढी होती. मी तिला पुढे बसवून कॉलनीला चक्कर मारायचो. ती हँडलचा मधला भाग घट्ट धरायची आणि घरी येऊन सांगायची, गाडी मी चालवली, पप्पा नुसते मागे बसले होते.

या गाडीला दोन सिलेंडर आणि दोन कार्बोरेटर. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — कार्बोरेटर म्हणजे इंजिनाचं नाक-तोंड. तिथून हवा आणि पेट्रोल आत जातं. दोन असले की दोघांनी सारखंच ओढायला हवं. एका जुवाला जुंपलेले दोन बैल समजा. एक अंगचोर निघाला की दुसरा उगाच दमतो, आणि नांगर वाकडा जातो. गाडीचं तसंच. एक कार्बोरेटर जास्त ओढायला लागला की गाडी थरथरते, आरसा नाचतो, एक सायलेन्सर जास्त तापतो. मग दोघांना पुन्हा सारखं करावं लागतं. त्यासाठी मध्ये एक बारीक स्क्रू असतो. स्क्रू फिरवणं सोपं आहे हो, पण दोघं सारखं ओढतायत हे कळणार कसं? त्यासाठी ओढ मोजावी लागते, आणि ओढ मोजणारी डायल म्हणजे व्हॅक्युम गेज.

मोजणं हे तर माझं पोटापाण्याचं काम. अंबडला एका कारखान्यात मी क्वालिटीला होतो, आणि त्यातही मापांची मापं काढणारा. कारखान्यातली सगळी गेजं, मायक्रोमीटर, डायल ठरावीक काळाने माझ्या टेबलावर येत आणि ती खरं बोलतात की नाही ते मी बघत असे. गेज नवीन आहे, महाग आहे, चकचकीत आहे, याच्याशी मला घेणंदेणं नसायचं. एखादा नवीन पोरगा येऊन म्हणाला, सर, काटा शून्यावर आहे, म्हणजे गेज ओके, की मी त्याला विचारायचो — माणूस झोपेत खोटं बोलत नाही, म्हणून तो हरिश्चंद्र का? शून्यावर सगळेच शहाणे असतात. काम पडल्यावर काटा काय सांगतो, ते बघायचं. हे वाक्य मी इतक्यांदा बोललो होतो की माझ्यामागे पोरं माझी नक्कल करायची. हे वाक्य लक्षात ठेवा.

आणि त्या वर्षांतले आमचे रविवार! मला अजून त्यांचा वास येतो. पेट्रोल, थंडीतलं ओलं अंगण, आणि आतून सुनंदाच्या पोह्यांच्या फोडणीचा. मी पत्र्याच्या डब्यावर बसलेला, रेवती जमिनीवर मांडी घालून. हत्यारांची पेटी तिच्या ताब्यात. मी हात मागे केला की न सांगता बरोबर पाना हातात यायचा. नट नुसता बघून तिला कळायचं, दहाचा लागेल की बाराचा. नंतर नंतर तर मी मुद्दाम काही न बोलता हात पुढे करायचो, ही चुकते का बघायला. चुकायची नाही. दुपारी दोघांच्या नखांत काळं, आणि सुनंदा ताटावर बसू द्यायची नाही. त्या सुखाला मी तेव्हा सुख म्हणत नव्हतो. रविवार म्हणत होतो.

तोवर कार्बोरेटर मी अंदाजाने जुळवत असे. सायलेन्सरच्या मागे दोन हात धरायचे, फटके सारखे लागतात का बघायचं. पण मापांच्या माणसाने अंदाजावर किती दिवस काढायचे? गेज घ्यायचं ठरवलं. आणि काय सांगू, मुलगी बघायला गेलो तेव्हाही मी एवढा विचार केला नव्हता. पाऱ्याच्या उभ्या नळ्या मिळत होत्या. त्या सगळ्यात विश्वासाच्या, पण फुटल्या तर घरभर पारा. एकच गेज घेऊन आधी डावीकडे, मग उजवीकडे लावता येतं. पण तोवर इंजिनाचा मूड बदलतो. शेवटी दोन डायलची जोडी घ्यायची ठरली. डायलमध्येही बघायचं पुष्कळ. रेघा बारीक हव्यात. इंजिन श्वास घेतं तसा काटा थडथड उडतो, तो शांत करायला नळीत बारीक व्हॉल्व्ह हवा. मी मुंबईला जाऊन जोडी घेतली. लाल पेटी, आत निळी मखमल, त्यात दोन पितळी डायल शेजारी शेजारी. दुकानात दोन्ही हातात घेऊन बघितल्या. दोन्ही काटे शून्यावर.

पुढचं विचारू नका, मीच सांगतो. नाही, मी त्या कारखान्यात नेऊन तपासल्या नाहीत. घरची वस्तू कारखान्याच्या टेबलावर चालत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे पेटी उघडली की मला इतकं छान वाटायचं की तिच्यावर शंका घ्यावीशी वाटेना. दुसऱ्यांच्या गेजांना मी पोलिसासारखा वागवत होतो आणि स्वतःच्या गेजांना जावयासारखा.

त्याच दिवसांत रेवतीची बारावी झाली होती. मार्क चांगले होते. तिने घरात सांगून टाकलं होतं, मेकॅनिकल घेणार. मी म्हणालो, तुला आवडेल ते घे. चार लोकांतही असंच म्हणायचो. मुलगी आहे म्हणून आम्ही काही अडवत नाही, वगैरे. लोक माना डोलवायचे. आणि आतून? आतून मला ते नको होतं. अंबडच्या शॉप फ्लोअरवर एक ट्रेनी मुलगी आली होती, ती मशीनवर वाकली की अख्खी लाइन काम सोडून बघायची. मीही त्या लाइनमध्ये होतो. मी बघत होतो, एवढंच नाही, इतर बघतायत ते बघून मी काही बोललो नव्हतो. त्या जागी मला रेवती दिसायची. पण हे घरात बोलायचं कसं? पुरोगामी बाप व्हायचं तर फुकटात होता येत नाही, आणि मी ते पद फुकटात मिरवत होतो.

आमच्या शेजारच्या प्लॉटवर तेव्हा वरचा मजला चढत होता. गवंडी लोक एका लांब पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढतात, तुम्ही पाहिलं असेल. नळीची दोन टोकं दोन खांबांना धरायची, पाणी दोन्हीकडे सारख्या उंचीला राहतं, तिथे खूण करायची. रेवती गच्चीवरून ते बघत बसायची. मला वाटायचं, पोरीला सुट्टीत काही उद्योग नाही.

तिला उद्योग होता. तिने जुन्या दिवाणाची फळी काढली, तिच्यावर तशीच नळी उभी, इंग्रजी यू सारखी वळवून ठोकली आणि निम्म्यापर्यंत भरली. पाण्याने नाही, ऑइलने. चुकून इंजिनात गेलं तरी नुकसान नको म्हणून. नळीचं एक टोक एका कार्बोरेटरला, दुसरं दुसऱ्याला. जो जास्त ओढेल त्याच्याकडे ऑइल चढणार. दोघं सारखे, तर ऑइल सारखं. मखमलाबादला तिच्या मामाचा भाजीचा मळा आहे, तिथून ठिबकची केसासारखी बारीक नळी आणून तिने दोन्ही टोकांत बसवली होती, ऑइल उसळू नये म्हणून. यातलं एक अक्षर मी तिला शिकवलं नव्हतं.

आता नीट ऐका, कारण इथे मी नेहमी थांबतो.

त्या रविवारी नवीन गेज दाखवायला मी मित्रांना बोलावलं होतं. आम्ही चार-पाच जण जुन्या गाड्यांचे शौकीन, सातपूर-अंबडचेच. त्यात पगारे, माझ्याच कारखान्यातला, तोंडाचा फटकळ पण मनाचा साफ. बेत असा की आधी माझी गाडी जुळवायची, मग सगळ्यांनी गंगापूर धरणाकडे चक्कर. मी पेटी उघडली, डायल लावल्या, इंजिन तापवलं, स्क्रू फिरवला. दोन्ही काटे एका रेघेवर आणून दाखवले. सगळे खूश. तेवढ्यात रेवती घरातून फळी घेऊन आली. तिच्या खांद्याच्या वर जात होती ती फळी. म्हणाली, पप्पा, माझं पण लावून बघू?

मी म्हणालो, लाव की. दिलदारपणे म्हणालो.

तिने गेज काढून नळी जोडली. "पप्पा, रेस देऊ नका हं. आहे तशीच चालू राहू द्या," म्हणाली. आणि ऑइल हलायला लागलं. सावकाश डाव्या बाजूने वर चढलं, हातभर, आणि तिथे थांबलं. ती खाली बसून बघत होती, नखाने त्या जागेवर खूण करत होती. मग मान वर न करता म्हणाली, "डावा जास्त ओढतोय. पप्पा, तुमच्या दोन्ही डायलची अदलाबदल करून बघा ना एकदा. डावी उजवीकडे लावा."

काय बोलली ही? माझ्या टेबलावरची पहिली तपासणी बोलली. दोन मापं भांडली तर त्यांच्या जागा बदल, खोटं कोण ते कळेल — हे मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो. तिला न शिकवता आलं होतं. पगारेच्याही ते लक्षात आलं. तो कारखान्यातलाच ना. मोठ्याने म्हणाला, "साहेब, पोरगी लय पुढं जानार तुमच्या. उद्या तुमच्या खुर्चीत बसती का नाय बघा."

कौतुकच होतं ते. दुसऱ्या कुठल्याही बापाची छाती फुगली असती. माझी का नाही फुगली? मी इतक्या वर्षांत हजारदा विचार केला आहे. मला त्या क्षणी दोन गोष्टी एकदम दिसल्या. एक, चार लोकांत माझी लाल पेटी खोटी पडते आहे. आणि दुसरी, ही मुलगी खरंच त्या खुर्चीपर्यंत जाईल. त्या लाइनमधून जाईल.

मी हँडलकडे हात नेला आणि जोरात रेस दिली. दिली आणि एकदम सोडली.

चुकून नाही. हाच माझा कबुलीजबाब आहे. सगळ्यांना, रेवतीलासुद्धा, आजवर वाटतं की पप्पांनी सवयीने रेस दिली. सवयीने नाही. तिने सांगितलेलं मी ऐकलं होतं. रेस देऊन सोडली की ओढ एकदम वाढते आणि एवढीशी नळी ती पेलणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. ऑइल सरसर वर चढलं, फळीच्या वरून दिसेनासं झालं आणि इंजिनात गेलं. डाव्या सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला, असा की पेरूचं झाड दिसेना. शेजारच्या बांधकामावरचे गवंडी काम सोडून बघायला लागले. सगळे हसले. हसण्यासारखंच होतं. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो, आणि म्हणालो, "अगं बाई, गवंड्याच्या नळीने भिंती मोजतात. इंजिन मोजायला जन्म जातो. हे तुझं काम नाही."

तीही हसली. खोकत खोकत हसली. फडकं आणून फरशीवर सांडलेलं ऑइल पुसलं, फळी उचलून मागे नेली, आणि सगळ्यांसाठी पोहे घेऊन आली. पगारेने तिला काहीतरी समजावल्यासारखं केलं. मी तोवर डायल पुसून मखमलीत ठेवत होतो.

इथेच थांबलं असतं तर मी त्याला रागाची घटका म्हटलं असतं. पण ऐका.

धूर संपल्यावर आम्ही धरणाकडे निघालो. शहर मागे पडलं, जरा वेग घेतला, आणि आरसा नाचायला लागला. मागून येणारा पगारे आरशात एकाचे चार दिसत होता. आरसा काय सांगतोय ते मला कळत होतं.

घरी आलो तर दोघी नव्हत्या. सुनंदाच्या बहिणीकडे नाशिक रोडला गेल्या होत्या. भर दुपार. मी गेट लावून घेतलं — कुणी बघू नये म्हणून, स्वतःच्याच घराचं — आणि डायल पुन्हा जोडल्या. मग रेवतीने सांगितलं होतं तसं केलं. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. डायल खऱ्या असत्या तर काटे पुन्हा एकाच रेघेवर यायला हवे होते. आले नाहीत. चांगले लांब राहिले. दोन्ही डायल एकाच कार्बोरेटरला जोडून पाहिल्या, तर एकाच ओढीला दोन आकडे. एक डायल काम पडलं की कमी दाखवत होती. बंद केलं की दोन्ही काटे गुमान शून्यावर.

मागे जाऊन फळी आणली. नळीत नवीन ऑइल भरलं आणि जोडली. ऑइल हातभर डावीकडे चढलं, अगदी तिच्या नखाच्या खुणेपर्यंत. स्क्रू जरासा फिरवला, ऑइल खाली यायला लागलं. आणखी जरासा. दोन्हीकडे सारखं झालं, आणि गाडी — कसं सांगू? इतक्या वर्षांत ती तशी कधी चाललीच नव्हती. नुसती उभी राहून चालत होती, बसल्या जागी जप करावा तशी. मी टाकीवर हात ठेवून उभा राहिलो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मुलीने केलं होतं ते. अभिमान वाटला मला, खोटं नाही सांगत. तो अभिमान मी गेट लावून वाटून घेतला.

मग काय करायला हवं होतं, ते सांगायला नको. त्या संध्याकाळी त्या घरी आल्या. रेवतीने गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. जेवताना सुनंदाने विचारलं, आज एवढे गप्प का? मी म्हणालो, ऊन लागलं.

मी ठरवलं होतं, उद्या सांगू. मग उद्याचा परवा झाला. आणि मग एक दिवस रेवतीच म्हणाली, "पप्पा, मी कॉमर्सला जाते. मेकॅनिकलमध्ये मला गती नाही. तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे, आवड असणं वेगळं." तिने हे अगदी शांतपणे सांगितलं, भाजी निवडता निवडता. माझं नाव घेऊन सांगितलं. मापांच्या बाबतीत या घरात माझा शब्द शेवटचा होता ना.

तेव्हा माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. बेटा, तुझी नळी बरोबर होती, माझी डायल खोटी होती. एवढंच. मी म्हणालो, "बघ, तुझा निर्णय आहे."

आणि मला हायसं वाटलं. मला आता वाद घालावा लागणार नव्हता, नाही म्हणावं लागणार नव्हतं, पुरोगामी बापही राहता येणार होतं. त्या धुराने माझं काम परस्पर केलं. भीती वाटत होती म्हणून गप्प बसलो, असं म्हटलं तर ते निम्मंच खरं. ते सोयीचं होतं, म्हणूनही गप्प बसलो.

रेवती आज पुण्याला बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. जावई चांगले आहेत. ती सुखात आहे, असं सगळे म्हणतात आणि मलाही तसंच दिसतं. त्याने माझ्या बाजूचं काही कमी होत नाही. घरात मिक्सर बिघडला तर ती जावयांना सांगते, दुरुस्तीला द्या. ती, जिला नट बघून पाना कळायचा. मी तिथे असलो की मला सोफ्यावर बसवत नाही.

आणि तो धूर तिने गोष्ट करून ठेवला आहे. लग्नाच्या बोलणीला सासरची मंडळी आली तेव्हा पहिल्यांदा सांगितली, आता सणासुदीला हमखास होते. मी एकदा गवंड्याची नळी लावून पप्पांच्या गाडीतून धूर काढला होता. पगारेकाकांचा आवाज काढते, माझा काढते — "अगं बाई, गवंड्याच्या नळीने भिंती मोजतात!" — हुबेहूब काढते. धूर दर वेळी थोडा वाढतो. आता तो त्र्यंबक रोडपर्यंत गेला आहे. सगळे पोट धरून हसतात. मी पण हसतो. तिला ती गोष्ट फार आवडते, कारण तिच्या मते त्या गोष्टीत तिचे पप्पा हुशार आहेत.

गाडी अजून आहे. मी तिला दर वर्षी जुळवतो. कशाने, ते तुम्ही ओळखलं असेल. घरी कुणी नसलं की गच्चीवरून फळी उतरवतो. मी तिच्यात एक सुधारणा केली आहे: दोन्ही टोकांना औषधाच्या रिकाम्या बाटल्या, म्हणजे उसळलेलं ऑइल बाटलीत पडतं, इंजिनात जात नाही. रेवतीला हे आठवड्याभरात सुचलं असतं. काम झालं की फळी पुसून, जुन्या चादरीत गुंडाळून पाण्याच्या टाकीमागे. आणि मग लाल पेटी उघडून पायरीवर ठेवतो, शेजारी एक फडकं, सुनंदाला आल्यावर दिसेल अशी. इतकं करतो. माणूस एकदा खोटं वागला की त्याला त्याची निगा राखावी लागते.

या दिवाळीला रेवती आली होती. भाऊबीजेच्या सकाळी मी गाडी चालू केली. आदल्याच आठवड्यात जुळवली होती. ती आतून ओले केस पुसत बाहेर आली, पायरीवर उभी राहिली, मग खाली उतरून तिने टाकीवर तळहात ठेवला. डोळे मिटून ठेवला. लहानपणी ठेवायची तसा. आणि म्हणाली, "काय सुंदर चालतेय हो पप्पा. एवढ्या जुन्या गाडीला हात लावला तर थरथर नाही. तुमच्या त्या गेजांची कमाल आहे."

फळी आमच्या डोक्यावर होती, गच्चीवर टाकीमागे. मी वर बघितलं, खाली बघितलं. मी म्हणालो, "हो."

निघायच्या दिवशी तिने ती लाल पेटी मागितली. तुम्ही आता कुठे एवढ्या वेळा जुळवणार, म्हणाली, आणि मला तुमची एक वस्तू घरात हवी, जी बघितली की तुम्ही आठवाल. दुसरं काहीही माग म्हणायचं मनात आलं. पण कारण काय सांगणार होतो? सुनंदा म्हणाली, द्या की हो, लेकीला नाही म्हणता का? मी पेटी पुसून तिच्या हातात दिली. तिने ती कपड्यांच्या मधोमध ठेवली, फुटू नये म्हणून.

परवा तिने फोनवर फोटो पाठवला. तिच्या दिवाणखान्यात भिंतीला काचेचं कपाट आहे, त्यात मधल्या कप्प्यात पेटी उघडी ठेवली आहे. वर एक छोटा दिवा लावून घेतला आहे, त्याचा उजेड बरोबर पितळेवर पडतो. मी चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा करून बघितला. खोटी डायल कुठली, ते फोटोवरून कुणालाही कळणार नाही. दोन्ही काटे शून्यावर आहेत.

खाली तिने विचारलं होतं, कसं दिसतंय पप्पा?

मी लिहिलं, छान दिसतंय.